आईंची करंगळी आणि सगळ्यांच्या घंट्या

माझ्या सासूबाईंचं वय मी इथे लिहिणार नाही. हे छापून आलं की त्या सगळ्यात आधी तेच शोधतील. एवढंच सांगते, की ज्या वयात बायका कठड्याला धरून जिना उतरतात, त्या वयात आमच्या आई परीक्षेला बसल्या. परीक्षा टायपिंगची, तीही इंग्रजी टायपिंगची, आणि वेग सगळ्यात वरचा! देवाशपथ सांगते, माझ्या स्वतःच्या कुठल्या परीक्षेला मी इतकी धसकले नव्हते.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर क्लास आणि वर आम्ही. खाली दोन रांगांत आठ मशीनं. सकाळी खटखट सुरू झाली की वर माझे कप बशीत नाचायला लागतात. परगावचे पाहुणे पहिल्या दिवशी दचकतात, दुसऱ्या दिवशी वैतागतात आणि तिसऱ्या दिवशी खटखट थांबली की विचारतात, "काय झालं हो खाली?"

ज्यांनी टाइपरायटर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. ओळ संपत आली की मशीनच्या पोटातली एक छोटी घंटी वाजते. टिंग! म्हणजे आता कडेला थोडीच जागा उरली. त्या जागेत हातातला शब्द मावत असेल तर पुरा करायचा. मावत नसेल तर योग्य ठिकाणी तोडायचा, तोडल्या जागी एक आडवी छोटी रेघ मारायची, म्हणजे हायफन, आणि डाव्या हाताने दांडी ढकलून कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, उजवीकडे न्यायचं आणि उरलेला शब्द घेऊन खालच्या ओळीवर उतरायचं. हे सगळं हात न थांबवता, मान न वळवता. हायफनचं बटण वरच्या रांगेत उजव्या टोकाला असतं. ते उजव्या करंगळीच्या वाट्याचं.

आई हे शिकवतात ते ऐकण्यासारखं असतं. मी भाजी निवडण्याच्या निमित्ताने जिन्यात बसून किती वेळा ऐकलंय!

"शब्द म्हणजे कापड समजा," त्या म्हणतात. "शिवणीवर उसवायचं. मधेच टराटरा फाडायचं नाही. आणि जो शब्द एका श्वासात संपतो, त्याला शिवणच नसते. 'थ्रू' लिहायला सात अक्षरं लागतात, पण बोलायला श्वास एकच. तो तोडायचा नाही म्हणजे नाही. आख्खा उचलून खाली न्यायचा."

"बाई, मग वर जागा रिकामी राहते."

"राहू दे. जागा रिकामी राहिली म्हणून कोणी ओरडत नाही. शब्द मोडला की ओरडतात. एकच अक्षर वर सोडून बाकीचा सगळा संसार खाली न्यायचा नाही, ते बिचारं एकटं घाबरतं. जुळी अक्षरं असली तर एक वर, एक खाली. आणि हायफन नेहमी वरच्या ओळीच्या शेवटी. खालच्या ओळीच्या सुरुवातीला हायफन देणारा कोण आहे रे तो? दाराला बाहेरून कुलूप लावून आत कसा जाणार तू?"

सगळा क्लास हसतो. मीही जिन्यात हसते आणि हातातल्या शेंगा घरंगळत खाली जातात.

आई हे शिकल्या कशा, हे तर त्याहून नवल. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा क्लास मामंजींचा होता. बाईमाणसाने खाली उतरायचं नाही अशी सक्ती नव्हती, पण कामातून उतरायला फुरसत कोणाला होती? आई वर चुलीशी उभ्या आणि खालून आठ मशीनं चाललेली. ऐकून ऐकून त्यांना प्रत्येक मशीनचा आवाज ओळखू यायला लागला. दाराजवळच्या मशीनची घंटी बसक्या आवाजाची, खिडकीखालची तिखट, कोपऱ्यातली वाजण्याआधी खोकणारी. एकदा म्हणे त्या पीठ लागलेल्या हातांनी तशाच खाली आल्या आणि दाराजवळच्या मुलाला म्हणाल्या, "अरे, घंटी वाजून गेली तरी तू ठोकतच काय बसलास? अक्षरावर अक्षर चढलं असेल." बघितलं तर खरंच काठावर अक्षरांचा ढीग! मामंजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "उद्यापासून रिकाम्या मशीनवर बस." त्या बसल्या. आणि मग उठल्याच नाहीत.

मामंजींची दृष्टी अधू होत गेली तसा क्लास आईंकडे आला. मुलं-मुली त्यांनाच बाई म्हणायची, त्यांच्याच हाताखाली पास व्हायची. पण आई स्वतः कधीच परीक्षेला बसल्या नाहीत. परीक्षेच्या दिवशी क्लासची मशीनं हॉलवर न्यावी लागतात ना! तिथे कोणाची शाईची रिबन बदल, कोणाच्या कपाळावरचा घाम पूस, कोणाला पाणी दे, हे करणाऱ्या आईच. बसणाऱ्यांमध्ये त्या कशा असतील? भिंतीवर मामंजींचं प्रमाणपत्र होतं, तेवढं सगळ्यांना पुरत होतं.

मामंजी गेले आणि काही महिन्यांनी परीक्षा मंडळाचे साहेब तपासणीला आले. माणूस सज्जन. मशीनं बघितली, मुलांचे कागद बघितले, खूष झाले. मग भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, "आता प्रमाणपत्र कोणाचं आहे?"

आई म्हणाल्या, "इतकी मुलं पास झाली, ती काय माझी प्रमाणपत्रं नाहीत?"

"बाई, मला तसं लिहिता आलं असतं तर आत्ता लिहिलं असतं," साहेब अगदी ओशाळून म्हणाले. "पण क्लास चालवणाऱ्याने वरच्या वेगाची परीक्षा दिलेली हवी. परीक्षा जवळच आली आहे. तुम्ही बसा. नाहीतर मला मान्यता काढून घ्यावी लागेल. पाटी उतरवावी लागेल."

खटखट केव्हाच थांबली होती. मुलं कान देऊन ऐकत होती. आजूबाजूला दुसरा क्लास नाही. ही मुलं कुठे जाणार? आणि आई? क्लास बंद म्हणजे आई बंद!

आईंनी पदराने एका मशीनवरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाल्या, "बसते की. त्यात काय!"

सगळ्या पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की वरून आमचे हे धावत आले. "काय झालं? कोण पास झालं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं. "आई बसणार आहेत."

"कुठे?"

"परीक्षेला!"

ह्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग आता तुझा अभ्यास मी घेऊ का आई? लहानपणी तू माझा घेतलास तसा? छडी कुठे ठेवली आहेस?"

"छडी राहू दे. चहा टाक," आई म्हणाल्या. हे मुकाट्याने वर गेले.

मला वाटलं, आईंना कसला सराव लागतोय! दुसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा असताना त्या एकट्या बसल्या आणि एक उतारा मारला. कागद असा देखणा, की उजवी कड पट्टीने आखल्यासारखी. जिथे शब्द तुटला तिथे शिवणीवरच तुटलेला. मी तो कागद देवापुढे ठेवून हात जोडले. झालं, म्हटलं, पास!

मग संध्याकाळी मुलांसोबत खरीखुरी सराव परीक्षा झाली. आठ मशीनं, आठ जणं. त्यांत कोपऱ्यातल्या मशीनवर आई. मी घड्याळ धरून उभी. "सुरू!" म्हटलं आणि काय ती खटखट उसळली! भिंती हलल्या. "थांबा!" म्हटल्यावर मी आईंचा कागद ओढून घेतला.

कागद उंदराने कुरतडल्यासारखा. एक ओळ अर्ध्यात तुटलेली, हायफन. पुढची ओळ चार शब्दांत संपलेली, हायफन. 'गव्हर्नमेंट'चे तीन तुकडे तीन ओळींवर! पानभर हायफनच हायफन, गवत उगवल्यासारखे.

"हा माझा कागद?" आई म्हणाल्या. "बदलला कोणी! मी काय वेडी आहे?"

बेकरीवाल्यांची मुलगी शेजारच्या मशीनवर होती. तिला आई 'घाई' म्हणतात, कारण तिची बोटं डोक्याच्या पुढे पळतात. ती भीत भीत म्हणाली, "बाई, मी मधून मधून बघत होते. माझी घंटी वाजली की तुमची करंगळी खाली येते."

"काहीतरीच!"

"नाही हो बाई, हातोड्याची घंटी वाजली तरी." हातोडा म्हणजे ह्या रांगेतला दणकट मुलगा. तो बटणं दाबत नाही, खिळे ठोकतो. आणि सगळ्यांत सावकाश टाइप करणारी, ती मुंगी.

आईंनी नवा कागद घातला. मग म्हणाल्या, "घाई, तुझ्या मशीनवर बस आणि ओळ मार." त्या स्वतः कोपऱ्यात बसून टाइप करायला लागल्या. घाईच्या मशीनची घंटी वाजली, आणि आईंची करंगळी टपकन हायफनवर पडली! दांडी ढकलली, कॅरेज उजवीकडे. आपलीच करंगळी त्या अशा बघत बसल्या, जशी कोणी दुसऱ्याचीच उचलून आणली आहे.

आम्हाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. इतकी वर्षं ज्या बाईने सगळ्यांच्या घंट्या सांभाळल्या, तिला स्वतःची तेवढी वेगळी काढता येईना. दुसऱ्या कोणीही अशी चूक केली नसती. दुसऱ्या कोणाला शेजाऱ्याची घंटी ऐकूच येत नाही, प्रत्येक जण आपल्याच ओळीत बुडालेला असतो.

मग सुरू झाले उपाय! ते दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं. पहिला उपाय माझा. मी आईंच्या कानात कापूस घातला. सगळ्यांच्या घंट्या बंद, आणि आईंचीही बंद. कॅरेज काठाला जाऊन अडकलं तरी त्या ठोकतच राहिल्या, एकाच जागी सात अक्षरांचा काळाकुट्ट डाग. कापूस निघाला.

दुसरा उपाय मुलांचा. हातोडा पुढे येऊन म्हणाला, "बाई, आम्ही सगळे आपापल्या घंट्या काढून टाकतो. आम्ही डोळ्यांनी बघून ओळ तोडू."

आई अशा कडाडल्या! "आणि नापास व्हा! मला पास करायला तुम्ही नापास व्हा! मग तो क्लास चालवू कोणासाठी, खुर्च्यांसाठी? पुन्हा असं बोललास तर मशीनला हात लावू देणार नाही."

हातोडा खाली मान घालून हसत होता. ओरडा खाऊन इतका आनंद झालेला मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

तिसरा उपाय ह्यांचा. ते म्हणाले, "आई, तू डोळे मिटून टाइप कर." मी ह्यांना चहा टाकायला वर पाठवलं.

शेवटी मेकॅनिक आले. ते आमची मशीनं दुरुस्त करतात. मशीनला कान लावून रोग सांगतात म्हणून सगळे त्यांना 'वैद्य' म्हणतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आईंचं मशीन उलटं केलं आणि आतली इवलीशी हातोडी मला दाखवली. ती घंटीच्या वाटीवर आपटते तेव्हा टिंग होतं.

"बाई, घंटी ऐकायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"म्हणजे?"

"हातोडी वाकवतो. वाटीवर न पडता ती मशीनच्या अंगावर पडेल. आवाज नाही, पण तुमच्या तळहाताला ठोका लागेल. बघा तर." आणि त्यांनी पकडीने एक पीळ दिला.

आईंनी तळहात मशीनच्या पुढच्या पट्टीला टेकवले, कानात कापूस घातला आणि सुरू झाल्या. ठक्! आम्हाला काही ऐकू आलं नाही, पण त्यांच्या भुवया उडाल्या. शब्द तुटला, हायफन पडला, ओळ खाली गेली. बरोब्बर काठावर! मुलांनी मुद्दाम आजूबाजूला घंट्या वाजवल्या. आई ढिम्म. पुन्हा ठक्! पुन्हा हायफन. वैद्य मिशीत हसत होते. मी त्यांना दोनदा चहा दिला, आणि तिसऱ्यांदा कप पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आता पुरे, घरी जाऊन जेवायचं आहे."

परीक्षेपर्यंत रोज हेच. कापूस, ठोका, देखणा कागद. मी तर निर्धास्त झाले होते. रोज देवाचं नाव घ्यायचं ते मागण्यासाठी नाही, आभारासाठी घ्यायला लागले होते. इतकी घाई करू नये माणसाने.

परीक्षेच्या सकाळी मशीनं हातगाडीवर चढवली, मधे जुन्या चादरी कोंबल्या. मुलं दोन्ही बाजूंनी गाडी धरून चाललेली आणि पुढे आई, इस्त्रीची साडी नेसून. वाटेत दुकानदार विचारत होते, "बाई, आज किती मुलं बसवताय?"

"सात," आई म्हणायच्या. "आणि एक म्हातारी."

हॉल मोठा, छत उंच. त्यात खुर्च्या मांडलेल्या आणि परगावच्या क्लासचीही पुष्कळ मुलं. आम्हा घरच्यांना व्हरांड्यात उभं राहायची परवानगी होती. वैद्यांना मात्र आत भिंतीशी, कारण मशीन अडलं तर फक्त मेकॅनिकने हात लावायचा, बाकी कोणी जागेवरून उठायचं नाही. उठला तो बाद. हे पर्यवेक्षक बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं.

मग पर्यवेक्षक बाई रांगेतून फिरत आल्या आणि आईंजवळ थांबल्या. "कानात काय आहे?"

आईंना ऐकूच आलं नाही! त्या समोर बघत बसलेल्या. बाईंनी बोटाने कानाकडे खूण केली.

"कापूस," आई म्हणाल्या, जरा मोठ्यानेच. कान बंद असले की आपण ओरडतो, तशा.

"काढा. कानात काही चालत नाही. माफ करा, पण नियम आहे. हल्ली लोक कानात काय काय घालून येतात."

खिडकीचा गज मी असा घट्ट धरला की तळहातावर गंजाचे पट्टे उठले. आईंनी कापूस काढला. आता सगळा हॉल त्यांच्या कानात शिरणार! त्यांनी एकदा मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं. मी हात जोडले. ह्यांनी, काय करावं न कळून, टाटा केला.

"सुरू करा!"

देवा रे, तो आवाज! गारा पडाव्यात पत्र्यावर तसा. आणि थोड्याच वेळात पहिली घंटी. आमच्या घाईची, तिखट. मी आईंच्या करंगळीकडे बघत होते, दुसरं काही मला दिसतच नव्हतं. करंगळी उचलली गेली. हवेत थांबली. आणि... खाली आली नाही! परत आपल्या जागी गेली. लगेच हातोड्याची घंटी. पुन्हा करंगळी उठली, पुन्हा बसली. आणि आता मला दिसलं की आईंचे ओठ हलताहेत.

"जप करताहेत!" मी ह्यांना कोपराने ढोसलं. "बघा, बघा, आई नाव घेताहेत!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एरवी मी जपाला बसले की त्या म्हणतात, तुझ्या देवाला माझाही नमस्कार सांग, मला वेळ नाही. आणि आज! घंटी वाजली की ओठ हलत होते, प्रत्येक घंटीला एकदा. मीही त्यांच्यासोबत नाव घ्यायला लागले. मग मशीनच्या अंगातून ठक् झालं असावं, कारण करंगळी या वेळी खाली आली, हायफनवर, ठाम. दांडी ढकलली. ओळ उतरली. काठावर!

मी ह्यांच्या पाठीत एक धपाटाच घातला. आनंदाने.

ओळीमागून ओळ. कागद वर वर चढत होता. आणि अर्ध्यावर केव्हातरी आईंचे हात थांबले.

मला कळेना काय झालं. मशीन अडलं? रिबन? नाही. त्यांनी मान किंचित डावीकडे केली होती, घाई बसली होती त्या बाजूला. मग मी पाहिलं. घाईचं कॅरेज मधेच अडकलेलं, आणि ती रडवेली होऊन दोन्ही हातांनी ते ओढतेय. हात वर करून मेकॅनिकला बोलवायचं असतं, तेच ती घाबरून विसरली होती. एवढ्या गदारोळात ते कोणाला कळलं नव्हतं. आईंना कळलं होतं. त्या मुलीची घंटी वाजायची वेळ होऊन गेली आणि वाजली नाही.

आईंचा हात खुर्चीच्या काठावर गेला. मी ओळखते तो हात. उठण्याआधी त्या असाच काठाला धरतात. आयुष्यभर अशा वेळी त्या उठल्याच आहेत. "आई, नको," मी पुटपुटले, मग जरा मोठ्याने, "आई, नको हो!" व्हरांड्यातल्या शिपायाने मला दटावलं. उठल्या तर बाद. क्लास बाद. सगळंच बाद.

आईंनी उठण्याऐवजी काय करावं? त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या वैद्यांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, असं की भिंतीलाही पाय फुटले असते. वैद्य दचकले, त्यांच्या नजरेमागे नजर नेऊन त्यांना घाई दिसली, आणि ते पकड घेऊन धावले. आईंचा हात खुर्चीवरून निघाला. पुन्हा बटणांवर आला. मला वाटतं त्या बाईने जन्मात इतकं जड काही उचललं नसेल.

आणि मग त्या सुटल्या! गेलेला वेळ भरून काढायला त्यांची बोटं अशी धावली की दिसेनात. शेवटचा परिच्छेद, शेवटची ओळ. "थांबा!" ऐकू आलं तेव्हा आईंचे हात मांडीवर होते. उतारा पुरा झाला होता.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पायाच पडले. "आई, मला दिसत होतं सगळं! कोणतं नाव घेत होतात?"

"कसलं नाव?"

"जप चालला होता ना तुमचा? प्रत्येक घंटीला ओठ हलत होते."

आई हसायला लागल्या, पाणी पिता पिता ठसका लागेपर्यंत. "अगं, जप कसला! घंटी वाजली की मनाला सांगत होते, ही कोणाची. ही घाईची. ही हातोड्याची. ही मुंगीची. ज्याची त्याला देऊन टाकायची, मग ती मला काही करत नाही. ऐकायचं बंद करून बघितलं, जमलं नाही ना? मग म्हटलं, नीट ऐकावं."

"आणि परक्या क्लासच्या घंट्या?"

"त्या कुठल्या मला ऐकू येतात!"

माझ्या हिशेबी तो जपच होता. मी ते त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांनी माझी थट्टा केली असती. इथे लिहून ठेवते.

घाई मात्र भिंतीला टेकून रडत होती. तिचा उतारा अर्धा राहिला होता. आई तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. घाईनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही थांबला होतात ना? मला कळलं. तुमच्या मशीनचा आवाज बंद झाला होता." आणि पुन्हा भोकाड पसरलं.

निकालापर्यंत आई रोज मशीनं पुसत होत्या. एकही दिवस सुट्टी दिली नाही. फक्त पाटीकडे बघणं टाळायच्या, हे मी पाहिलं होतं. पाटीखालून जाताना चपलेकडे बघत जायच्या.

निकाल साहेबांनी स्वतः येऊन सांगितला. मी पायऱ्यांवर होते, मला बघून त्यांनी लांबूनच हात उंच केला, आणि मला काहीच सुचेना म्हणून मी वर धावले, मग खाली धावले. साहेब आत जाऊन म्हणाले, "बाई, पाटी राहू द्या जिथे आहे तिथे. एवढंच, की नाव तेवढं नवं घाला."

तो गलका काय सांगू! हातोड्याने सगळ्या मशीनांच्या घंट्या एकामागून एक वाजवल्या. हे खाली येऊन आईला उचलायला निघाले, आणि कंबर धरून बसले. वैद्य रस्त्याने चालले होते, त्यांना ओढून आत आणलं. साहेबांचे कान लाल झाले होते, पण तेही हसत होते. त्यांनी सांगितलं, पूर्ण उताऱ्यात शब्द तोडण्याची चूक एकही नाही.

"मग गुण कुठे कापले?" आई लगेच.

"एका ठिकाणी दोन शब्दांमध्ये जागा जास्त पडली आहे."

"हं," आई म्हणाल्या. त्यांना आणि मला माहीत होतं ती जागा कुठली.

गलका थोडा ओसरल्यावर आईंनी इकडे तिकडे पाहिलं. घाई दाराशी होती. सगळ्यांत जास्त नाचली होती तीच, गाल लाल, वेणी सुटलेली. तिचं नाव पास झालेल्यांत नव्हतं. साहेबांनी ते हळूच सांगितलं होतं आणि त्या गोंधळात तिने ते ऐकलंही होतं.

आईंचा चेहरा उतरला. "बाळ, तुझं..."

"बाई, त्यात काय!" घाई म्हणाली. "मी पुढच्या वेळी बसेन. क्लास आहे ना आता चालू?"

आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग आईंनी पदर खोचला आणि खिडकीखालच्या मशीनवरचं झाकण काढलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "मग उभी काय राहिलीस? बस. कागद घाल. आणि कॅरेज अडलं तर आधी हात वर करायचा, रडायचं नंतर."